वुलिचचे घर आणि केंटकीचे डोंगर

वाङ्मयीन प्रभावाची चर्चा करताना आपण सहसा पुस्तकांच्या प्रवासाचा माग काढतो. कोणती कादंबरी कोणी वाचली, कोणत्या नाटकाचे रूपांतर कोणी केले, कोणत्या कवीची छाया कोणावर पडली, हे प्रश्न आपल्या अभ्यासक्रमाचा नित्याचा भाग आहेत. संस्थांच्या प्रवासाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. एखादा प्रवासी परमुलखात एखादी शाळा, एखादा आश्रम, एखादे प्रसूतिगृह पाहतो, भारावतो आणि परतल्यावर तसेच काही आपल्याकडे उभारण्याच्या मागे लागतो. तेव्हा जे घडते त्याला भाषांतर म्हणायला हरकत नसावी. मूळ संहितेतले काही उतरते, काही वाटेत सांडते आणि काही भाषांतरकार जाणूनबुजून गाळतो. लंडनच्या आग्नेय भागातील वुलिच येथील एक धर्मादाय प्रसूतिगृह आणि तेथे शिकून गेलेल्या एका अमेरिकन स्त्रीने केंटकी राज्याच्या डोंगरांत उभारलेली ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’ यांच्याकडे प्रस्तुत लेखात या दृष्टीने पाहायचे आहे.

आधी मूळ संहितेविषयी. इंग्लंडमध्ये १९०२ साली सुईणींसंबंधीचा कायदा झाला. तोवर कोणतीही बाई स्वतःला सुईण म्हणवून घेऊ शकत होती. या कायद्याने मध्यवर्ती सुईण मंडळ स्थापन झाले, नोंदवही आली, परीक्षा आल्या. कायदा झाला तरी गरिबांच्या घरी जाणाऱ्या सुशिक्षित सुईणी एकाएकी कोठून येणार, हा प्रश्न होताच. ॲलिस ग्रेगरी या बाईंनी तो आपला मानला. सेंट पॉल्स कॅथीड्रलचे डीन रॉबर्ट ग्रेगरी यांच्या त्या कन्या. लीला पार्नेल आणि मॉड कॅशमोर या सहकारी स्त्रियांच्या साथीने त्यांनी १९०५ साली वुलिचच्या वुड स्ट्रीटवर ‘होम फॉर मदर्स अँड बेबीज’ सुरू केले. वुलिच हे सरकारी शस्त्रास्त्र कारखान्याचे गाव, वस्ती कामगारांची. नाव लक्षात घेण्याजोगे आहे. रुग्णालय नव्हे, ‘होम’, आयांचे आणि बाळांचे घर. बाळंतपण म्हटले की ज्यांना माहेर आठवते अशा आपल्यासारख्यांना या नावामागची भावना वेगळी समजावून सांगायला नको. १९१५ साली ही संस्था १७४९ पासून चालत आलेल्या ‘ब्रिटिश लाइंग-इन हॉस्पिटल’शी एकरूप झाली आणि तिचे नाव ‘ब्रिटिश हॉस्पिटल फॉर मदर्स अँड बेबीज’ असे पडले. घर जाऊन हॉस्पिटल आले खरे, परंतु घराचा स्वभाव राहिला.

नफ्याचा हेतू नसलेली ही संस्था देणग्यांवर चाले आणि तिचे काम दुहेरी होते. गरीब स्त्रियांची बाळंतपणे करायची आणि ती करता करता सुईणी घडवायच्या. आरंभी मंडळाच्या नियमानुसार तीन महिन्यांचे शिक्षण पुरेसे मानले जाई. विद्यार्थिनीने वीस बाळंतपणांना हजर राहावे आणि वीस बाळंतिणींची शुश्रूषा करावी, अशी अट असे. ग्रेगरीबाईंना हा काळ अगदी तोकडा वाटे आणि शिक्षणाची मुदत वाढावी यासाठी त्या झगडत राहिल्या. सुईणपण हा पोटापाण्याचा उद्योग आहे तसेच ते व्रत आहे, अशी त्यांची धारणा होती. आज आपल्याला व्रत या शब्दाचा थोडा संशय येतो. कमी पगारात जास्त काम करून घेण्यासाठी तो किती वेळा वापरला गेला आहे हे शिक्षकांना तरी सांगायला नको. पण वुलिचमध्ये व्रताच्या जोडीला काटेकोर नोंदी होत्या, स्वच्छतेची शिस्त होती, आणि अडले तर डॉक्टरला केव्हा बोलवायचे याचे स्पष्ट नियम होते. भाषांतर झाले ते या जोडीचे.

भाषांतरकर्त्या मेरी ब्रेकिन्रिज १८८१ साली मेंफिस येथे जन्मल्या. घराणे राजकारणातले. आजोबा जॉन ब्रेकिन्रिज अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते आणि पुढे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढले. वडील रशियात अमेरिकेचे वकील होते, त्यामुळे मेरी यांच्या बालपणाचा काही काळ सेंट पीटर्सबर्गमध्ये गेला. धाकट्या भावाचा जन्म तेथेच एका रशियन सुईणीच्या हातून झाला, ही आठवण त्यांनी आयुष्यभर जपली. १९०४ साली विवाह झाला, १९०६ साली वैधव्य आले. न्यूयॉर्कमध्ये परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्या १९१० साली बाहेर पडल्या. १९१२ साली दुसरा विवाह. १९१४ साली मुलगा झाला, त्याचे लाडाचे नाव ब्रेकी. १९१६ साली मुलगी झाली, ती अपुऱ्या दिवसांची होती आणि काही तासांतच गेली. चौथा वाढदिवस होऊन थोडेच दिवस लोटले असताना, जानेवारी १९१८ मध्ये, ब्रेकीही गेला.

येथे साहित्याच्या अभ्यासकांना रस वाटेल अशी एक गोष्ट आहे. मुलाच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी मेरी यांनी त्याच्या चार वर्षांचे चरित्र लिहून खाजगीरीत्या छापले. चौतीस वर्षांनी, १९५२ साली, त्यांचे आत्मचरित्र ‘वाइड नेबरहुड्स’ प्रसिद्ध झाले. त्यात मुलाविषयी ममत्वाने लिहिले आहे, कामाविषयी तर भरभरून, पण दुसऱ्या पतीविषयी आणि १९२० सालच्या घटस्फोटाविषयी जवळजवळ मौन आहे. आत्मचरित्रातले मौन कसे वाचावे हे लक्ष्मीबाई टिळकांपासूनच्या आपल्या स्त्री-आत्मचरित्रांनी आपल्याला पुष्कळ शिकवले आहे. मेरी यांचे मौन पतीपुरते मर्यादित नाही. त्याकडे पुढे यायचे आहेच.

पहिल्या महायुद्धानंतर त्या उद्ध्वस्त फ्रान्समध्ये मदतकार्यासाठी गेल्या. ॲन मॉर्गन यांच्या अमेरिकन समितीच्या वतीने एन नदीच्या खोऱ्यातील खेड्यांत त्यांनी मुलांचे आरोग्य आणि घरोघरी शुश्रूषा यांची घडी बसवली. मुलांना दूध मिळावे म्हणून शेळ्या मागवण्याचा त्यांचा उद्योग प्रसिद्ध आहे. याच काळात त्यांची गाठ अशा ब्रिटिश स्त्रियांशी पडली ज्या परिचारिकाही होत्या आणि सुईणीही. दोन्ही विद्या एकाच बाईच्या हाती असू शकतात, ही गोष्ट अमेरिकनांना नवी होती. अमेरिकेतील परिचारिका डॉक्टरच्या हाताखाली काम करी आणि सुईण ही अडाणी, मागास, लवकरच नाहीशी होणारी जमात समजली जाई. फ्रान्समध्ये प्रसूतिशास्त्र शिकलेल्या सुईणी होत्या, पण त्यांना शुश्रूषेचे शिक्षण नव्हते. ब्रिटिश बायकांनी हा तिढा सोडवलेला पाहून मेरी यांना आपल्या कामाची दिशा सापडली.

मराठी वाचकाला या ठिकाणी आनंदीबाई जोशी आठवल्यावाचून राहणार नाहीत. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. प्रसूतीचे ज्ञान मिळवण्यासाठी अमेरिकेकडे जाणारी वाट आपल्या परिचयाची आहे. त्यानंतर सदतीस वर्षांनी एका उच्चकुलीन अमेरिकन बाईला त्याच ज्ञानाच्या शोधात अटलांटिक ओलांडावा लागला, हा विरोधाभास वरवरचा आहे. अमेरिकेने स्त्री-डॉक्टर घडवल्या होत्या. परिचारिका आणि सुईण यांचे एकत्रित शिक्षण देणारी संस्था मात्र उभारलेली नव्हती.

पण वुलिचला जाण्यापूर्वी मेरी यांनी एक काम केले, आणि माझ्या मते संपूर्ण कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज तेथे तयार झाला. १९२३ च्या उन्हाळ्यात पूर्व केंटकीच्या लेस्ली, नॉट आणि औस्ली या तीन काउंट्यांतून त्या घोड्यावरून आणि खेचरावरून हिंडल्या. डोंगरात बाळंतपणे कोण करते, हे त्यांना पाहायचे होते. पन्नासहून अधिक वृद्ध सुईणींना त्या भेटल्या. तेथे त्यांना ‘ग्रॅनी’ म्हणत, म्हणजे आजीबाई. बहुतेकींनी साठीच्या आसपासचे वय गाठलेले होते. कोणी सासूकडून विद्या घेतलेली, कोणी शेजारीण अडली म्हणून धावून गेलेली आणि मग गावानेच सुईण ठरवलेली. मेरी यांच्या अहवालात त्यांची घरे, त्यांची स्वच्छता, त्यांचे औषधोपचार, त्यांचे समज यांची नोंद आहे. काहींविषयी मनापासून आदर आहे, पुष्कळांविषयी नापसंती आहे. निष्कर्ष मात्र ठाम होता. या बायकांना शिकवून भागणार नाही, त्यांच्या जागी दुसऱ्या आणाव्या लागतील.

हा निष्कर्ष बरोबर बांधून त्या वुलिचला गेल्या. वय बेचाळीस. शिक्षण झालेली परिचारिका, फ्रान्समध्ये मोठा कारभार सांभाळलेली बाई, आणि आता पुन्हा विद्यार्थिनी. शिकाऊ सुईणींना प्रसूतिगृहाबाहेर, कामगारांच्या घरीही बाळंतपणाला जावे लागे. एका खोलीत संसार, पाणी तापवायला एकच भांडे, दाराआड मुले, अशा परिस्थितीत निर्जंतुक हातांनी बाळंतपण कसे पार पाडायचे हा खरा धडा होता. मोठ्या रुग्णालयात शिकलेल्या परिचारिकेला जे कधीच दिसले नसते ते वुलिचने दाखवले. गरिबाच्या घराला रुग्णालयाचे रूप देण्यात वेळ घालवायचा नाही, आहे त्या घरातच नियम पाळायचे. १९२४ साली त्यांना मध्यवर्ती मंडळाचे प्रमाणपत्र मिळाले.

त्याच उन्हाळ्यात त्या स्कॉटलंडला गेल्या, आणि वुलिचने जे दिले नव्हते ते तेथे मिळाले. उत्तरेकडील डोंगराळ मुलूख आणि बेटे यांत विरळ वस्तीला वैद्यकीय सेवा कशी पुरवायची, याचा अभ्यास ड्यूअर समितीने १९१२ साली केला होता आणि १९१३ पासून वार्षिक बेचाळीस हजार पौंडांच्या सरकारी अनुदानावर तेथे वैद्यकीय योजना सुरू झाली होती. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ ची, म्हणजे ही योजना तिच्या पस्तीस वर्षे आधीची. समितीवर काम केलेले सर लेस्ली मॅकेन्झी यांनी मेरी यांना माहिती दिली, वाट दाखवली. परिचारिका गावोगाव विखुरलेल्या, प्रत्येकीचा भाग ठरलेला, जोडीला स्थानिक समिती, मध्यभागी रुग्णालय. वुलिचने बाळंतपणाचे व्याकरण शिकवले असेल, तर वाक्यरचना हेब्रिडीज बेटांनी शिकवली असे म्हणता येईल.

२८ मे १९२५ रोजी केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट येथे ‘केंटकी कमिटी फॉर मदर्स अँड बेबीज’ ही संस्था स्थापन झाली. नावात वुलिचचा ठसा स्पष्ट दिसतो. आया आणि बाळे हे दोन शब्द समुद्र ओलांडून जसेच्या तसे आले. १९२८ साली नाव बदलून ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’ झाले. हा बदल माझ्या मते केवळ व्यवहाराचा नाही. ‘फ्रंटियर’ या शब्दात अमेरिकन मनाला भुरळ घालणारी सगळी पुराणे आहेत. घोडे, ओंडक्यांची घरे, निर्भय माणसे. देणगीदारांना आयांपेक्षा सरहद्द अधिक भावली.

लेस्ली काउंटीची लोकसंख्या तेव्हा सुमारे दहा हजार. रेल्वे नाही, पक्की सडक नाही, त्या मुलखात डॉक्टर नाही. काउंटीचे मुख्य गाव हायडन येथे पहिले केंद्र निघाले. जवळच वेंडोव्हर येथे मेरी यांनी ओंडक्यांचे मोठे घर बांधले, तेच मुख्यालय झाले. मग एकेक केंद्र उघडत गेले, आणि कोणत्याही घरी परिचारिका घोड्यावरून तासाभरात पोचावी अशा बेताने त्यांची अंतरे ठरवली गेली. लंडनच्या गल्लीत चालणारी सुईण येथे ब्रीचेस घालून खोगिरावर बसली. सुईणीची पेटी जाऊन खोगिराच्या दोन्ही बाजूंस लटकणाऱ्या पिशव्या आल्या, त्यांचे वजन चाळीसेक पौंड भरे. ओढ्याला पूर आला तरी जायचे. परिचारिकांच्या हाती लिखित वैद्यकीय नियमावली असे. काय स्वतः करायचे आणि कशासाठी डॉक्टरला गाठायचे, हे त्यात ठरवून दिलेले असे. वुलिचची शिस्त ती हीच. बाळंतपणाची फी पाच डॉलर, आणि तीही रोख द्यायला हवी असे नव्हते. कोणी घोड्यांना चारा देई, कोणी कुंपण बांधून देई, कोणी गोधडी. आपल्याकडे बलुत्याची पद्धत ज्यांनी वाचली आहे त्यांना हा व्यवहार परका वाटणार नाही. दानाचा अपमान टाळण्याचा हा मार्ग मेरी यांच्या व्यवहारबुद्धीचा उत्तम नमुना आहे. २६ जून १९२८ रोजी हायडनच्या रुग्णालयाचे उद्घाटन करण्यासाठी सर लेस्ली मॅकेन्झी स्कॉटलंडहून मुद्दाम आले. मूळ लेखकाने भाषांतराच्या प्रकाशनाला यावे, असा हा प्रसंग.

आकड्यांचे काय? १९२० च्या दशकात अमेरिकेत दर दहा हजार जन्मांमागे साठांहून अधिक माता दगावत. ‘फ्रंटियर’च्या पहिल्या हजार बाळंतपणांच्या नोंदी मेट्रोपॉलिटन विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी तपासल्या. त्यांचा अहवाल १९३२ सालचा. थेट बाळंतपणाच्या कारणाने त्यांत एकही मृत्यू आढळला नव्हता. पुढे पहिल्या दहा हजार बाळंतपणांचा हिशेब झाला तेव्हा मातामृत्यूचे प्रमाण दहा हजारांत ९.१ भरले, देशाचे प्रमाण ३४ होते. यातली बहुतेक बाळंतपणे घरी, चुलीच्या उजेडात झालेली. श्रीमंत शहरांत, रुग्णालयांत, डॉक्टरांच्या हाती चिमटे असताना जे साधत नव्हते ते येथे साधले. कारणांत गूढ काही नाही. गरोदरपणापासून तपासणी, स्वच्छ हात, विनाकारण हस्तक्षेप न करणे आणि धोका वेळेवर ओळखणे. १९२० साली शिकागोचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ जोसेफ डिली यांनी प्रत्येक पहिलटकरणीला सावधगिरी म्हणून चिमटा लावावा अशा अर्थाचा प्रबंध मांडला होता. त्या वाऱ्याविरुद्ध केंटकीच्या नोंदवह्या उभ्या आहेत.

आता गाळलेल्या मजकुराकडे. इंग्लंडच्या १९०२ च्या कायद्यात एक तरतूद होती. किमान वर्षभर सुईणपण करणाऱ्या, चारित्र्य चांगले असलेल्या बाईला परीक्षेशिवायही नोंदवहीत जागा मिळे. म्हणजे ज्या व्यवस्थेने वुलिचला जन्म दिला तिने जुन्या सुईणींना एका पिढीपुरती का होईना, दारातून आत घेतले होते. केंटकीत हे वाक्य भाषांतरित झालेच नाही. पन्नासहून अधिक आजीबाई अहवालात आल्या, सेवेत आल्या नाहीत. त्या निरक्षर होत्या, काहींचे उपचार घातक होते, हे मान्य. पण कोणत्या घरात कोण अडते, कोणाचा नवरा दारू पितो, कोणती बाई मदत मागायला लाजते, हे ज्ञान त्यांच्याजवळ होते. नव्या परिचारिकांना ते मिळवायला वर्षे लागली. ‘वाइड नेबरहुड्स’ वाचताना आजीबाई हळूहळू पानांवरून पुसट होत जातात आणि अखेरीस शेजार उरतो, पण त्यातली जुनी शेजारीण उरत नाही.

दुसरी गाळणी अधिक क्लेशदायक आहे. पैसा उभा करताना मेरी डोंगरातल्या माणसांचे वर्णन शुद्ध जुन्या अँग्लो-सॅक्सन वंशाचे लोक असे करीत. न्यूयॉर्कच्या एका मैत्रिणीकरवी तेथील मुलांच्या बुद्धिमापन चाचण्याही त्यांनी करून घेतल्या, ही मुले हलक्या वाणाची नाहीत हे दाखवण्यासाठी. कृष्णवर्णीय परिचारिकांना त्यांनी आपल्या सेवेत घेतले नाही. दक्षिणेत त्या काळी हजारो बाळंतपणे कृष्णवर्णीय सुईणींच्या हातून होत होती, आणि कृष्णवर्णीय परिचारिका-सुईणींसाठी १९४१ साली अलाबामातील टस्कीगी येथे वेगळी शाळा काढावी लागली. मेरी त्यांच्या काळाच्या होत्या, असे म्हणून हा विषय मिटवण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. काळाच्या पुढे जाण्याची ताकद ज्या बाईने सुईणपणाच्या बाबतीत दाखवली, तिला वर्णाच्या बाबतीत काळाची सबब देणे हा आपलाच सोयीस्करपणा आहे. मेलनी गोन यांनी २००८ साली लिहिलेल्या चरित्रात या बाजूची सविस्तर चर्चा आहे, आणि आत्मचरित्राशेजारी ठेवून ते वाचण्याजोगे आहे.

तरीही या दोन गाळण्यांमुळे त्या डोंगरातल्या बायका वाचल्या नाहीत असे होत नाही. त्या वाचल्या. संस्थेच्या इतिहासाचा खरा पेच तो हाच, आणि तो सोडवून दाखवण्याची घाई करण्यापेक्षा नोंदवहीतील आकडे आणि नोंदवहीबाहेर राहिलेल्या बायका यांना एकाच पानावर मांडणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. ‘फ्रंटियर’मध्ये काम करणाऱ्या बऱ्याच परिचारिका ब्रिटिश होत्या. त्यांतल्या अनेकींनी मायदेशाची वाट धरली, आणि शिक्षणासाठी अमेरिकन मुलींना लंडनला पाठवणेही अशक्य झाले. मूळ संहितेकडे जाण्याचा रस्ताच बंद झाल्यावर मेरी यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हायडनला परिचारिका-सुईणींची शाळा उघडली. १९६५ साली त्या वारल्या. वुलिचचे प्रसूतिगृह १९८४ साली बंद झाले. हायडनच्या शाळेने १९८९ पासून विद्यार्थिनींना आपापल्या गावी राहून शिकण्याची सोय केली. ती शाळा आता ‘फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी’ या नावाने केंटकीतील व्हर्सेल्स या गावी आहे.